सर हॅरी रिकार्डो : इंजिनाचा ठोका ज्यांनीं ओळखला

ओझ्यानें लादलेली एखादी जुनी मोटार घाटाच्या चढणीला लागली म्हणजे तिच्या इंजिनांतून हातोडीनें लोखंड ठोकावें तसा टक्‌-टक्‌ आवाज येऊं लागतो. ड्रायव्हर गिअर बदलतो, आवाज थांबतो, आणि गाडींतील मंडळी तो विसरूनहि जातात. परंतु हा ठोका कशाचा, तो कोणत्या जागीं उत्पन्न होतो, व तो कोणत्या उपायानें बंद करतां येईल, हे प्रश्न एका तरुण इंग्रज विद्यार्थ्याच्या मनांत विसाव्या शतकाच्या आरंभीं शिरले, आणि ते त्यास पुढें जवळजवळ सारा जन्म सोडीनात. त्या प्रश्नांच्या उत्तरांतून मोटारीचीं, रणगाड्यांचीं, बसगाड्यांचीं व विमानांचीं इंजिनें सुधारलीं. त्या विद्यार्थ्याचें नांव हॅरी राल्फ रिकार्डो. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींना व त्यांच्या वडीलधाऱ्यांना मनोरंजक व बोधप्रद वाटेल, अशी आशा आहे.

रिकार्डो यांचा जन्म ता. २६ जानेवारी १८८५ रोजीं लंडन शहरांत झाला. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ज्यांचें नांव वारंवार येतें ते डेव्हिड रिकार्डो यांच्या भावाच्या वंशांतील हें घराणें. हॅरीचे वडील हॅल्सी रिकार्डो हे नामांकित वास्तुशिल्पज्ञ होते. कलकत्त्याजवळील हावडा स्थानकाची जी भव्य तांबडी इमारत प्रवाशांना दुरून दिसते, तिचा आराखडा त्यांनींच केला. आईचे वडील सर अलेक्झांडर रेंडेल हे पूल व रेल्वे बांधणारे मोठे इंजिनीयर असून हिंदुस्थानांतील रेल्वेच्या कामाशीं त्यांचा दीर्घकाळ संबंध होता. सिंधु नदीवर सक्कर येथें १८८९ सालीं खुला झालेला लॅन्सडाउन पूल त्यांच्याच योजनेचा. अशा रीतीनें एका बाजूनें कलेचा व दुसऱ्या बाजूनें यंत्रविद्येचा वारसा या बालकास लाभला.

वारसा मिळाला तरी तो वापरावा लागतो. हॅरीला लहानपणापासून हत्यारांचा नाद होता. दहा वर्षांचा असल्यापासून तो आपल्या हातानें लहान लहान इंजिनें तयार करूं लागला. पितळ कापतांना बोटें कापत, जोड बसत नसत, वाफ भलत्याच ठिकाणाहून बाहेर पडे. पण प्रत्येक चुकीनें त्याला कांहीं तरी शिकविलें. १८९८ सालीं आजोबांनीं मोटारगाडी विकत घेतली. त्या काळीं इंग्लंडांत मोटार हें एक आश्चर्यच होतें. बाकीची मंडळी तिचा डौल पाहत, तर तेरा वर्षांच्या हॅरीचें लक्ष तिच्या पोटांत काय चाललें आहे इकडे असे. रग्बी येथील शाळेंत शिक्षण पुरें करून तो १९०३ सालीं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाला. आजोबांप्रमाणें पूल व बंदरें बांधण्याचें शास्त्र शिकावें, हा त्या वेळचा बेत होता.

तो बेत एका शर्यतीनें बदलला. विद्यापीठाच्या मोटार क्लबानें १९०४ सालीं एक मौजेची स्पर्धा जाहीर केली. प्रत्येकास एक क्वार्ट, म्हणजे एक लिटरपेक्षां थोडेंसें अधिक, पेट्रोल मिळावयाचें व तेवढ्यांत जो सर्वांत दूर जाईल तो जिंकावयाचा. हॅरीनें स्वतः बनविलेली एका सिलिंडरची मोटारसायकल सर्व वाहनांत जड होती. तरी तिनेंच चाळीस मैल जाऊन बक्षीस मिळविलें. वेगापेक्षां काटकसरीची ही परीक्षा होती, व तींत तो उतरला. ही हकीकत यंत्रशास्त्राचे प्राध्यापक बर्ट्राम हॉपकिन्सन यांच्या कानीं गेली. हॉपकिन्सन हे वयानें तरुण, वृत्तीनें शोधक व शिष्याची पारख करणारे गुरु होते. त्यांनीं या मुलाला आपल्या प्रयोगशाळेंत ओढलें आणि इंजिनाच्या अंतरंगाचा अभ्यास करावयास लावलें. गुरुशिष्यांचा हा योग रिकार्डो यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा लाभ ठरला.

त्यांच्यापुढें कोणता प्रश्न होता हें नीट समजण्यासाठीं इंजिनाची रचना थोडक्यांत पाहिली पाहिजे. पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें ओढलें जातें. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येऊन तें मिश्रण दाबतो. मग विजेची ठिणगी पडते, मिश्रण पेटतें, व तापलेला वायु दट्ट्याला जोरानें खालीं लोटतो. मिश्रण जितकें अधिक दाबावें, तितकी त्याच पेट्रोलांतून अधिक शक्ति मिळते, हा नियम आहे. तेव्हां शक्ति वाढविण्याचा उपाय अगदीं सोपा दिसतो : सिलिंडरचें झांकण, ज्याला कारखान्यांतले मिस्त्री हेड म्हणतात, तें घांसून वरची पोकळी लहान करावी म्हणजे झालें. परंतु असें केलें कीं तो ठोका सुरू होई. जोर वाढण्याऐवजीं कमी होई, इंजिन तापे, आणि ठोका बराच वेळ चालूं दिला तर दट्ट्याला भोंकहि पडे. त्यामुळें कारखानदारांना कमी दाबावर समाधान मानावें लागे, व पेट्रोलांतील बरीचशी शक्ति वायां जाई.

बहुतेकांचा समज असा होता कीं, सिलिंडरमधील एखादा तापलेला भाग ठिणगी पडण्यापूर्वींच मिश्रण पेटवितो, व तोच हा ठोका. हॉपकिन्सन यांना तें पटेना. वेळेआधीं पेटणें ही एक गोष्ट व ठोका ही दुसरी, असें त्यांचें मत होतें. रिकार्डो यांनीं वर्षानुवर्षें प्रयोग करून या मताचा पाया पक्का केला. ठिणगीपासून निघालेली ज्वाला गवताच्या वणव्याप्रमाणें पसरत जाते. तिच्या मागचा जळलेला वायु फुगतो व पुढें अजून न जळलेल्या वायूला कोपऱ्यांत चेपतो. चेपल्यामुळें तो शेवटचा वायु इतका तापतो कीं ज्वाला येऊन पोंचण्याची वाट न पाहतां तो सगळाच्या सगळा एकदम पेट घेतो. त्या आकस्मिक स्फोटाची लाट सिलिंडरच्या भिंतीवर आदळते. तोच आपणांस ऐकूं येणारा ठोका. रोगाचें स्थान एकदां कळलें म्हणजे औषधाची दिशाहि कळते. त्या शेवटच्या कोपऱ्यांतील वायूला तापण्यास वेळ व संधि मिळूं द्यावयाची नाहीं, हें त्या औषधाचें सूत्र.

परंतु सूत्र कळण्याला व तें अमलांत येण्याला मध्यें बरींच वर्षें गेलीं. पदवीनंतर आणखी एक वर्ष केंब्रिजला काढून रिकार्डो १९०७ सालीं आजोबांच्या पेढींत कामाला लागले. दिवसा पेढीचें काम व उरलेल्या वेळांत इंजिनाचे नकाशे, असा त्यांचा क्रम चाले. राल्फ नांवाच्या चुलतभावानें त्यांच्या योजनेवरून शोअरहॅम या समुद्रकांठच्या गांवीं 'डॉल्फिन' नांवाची मोटार बनविण्याचा कारखाना काढला. मोटार उत्तम होती. पण ती तयार करण्यास येणारा खर्च तिच्या किंमतींतून निघेना. तेथील कोळ्यांच्या होड्यांना मात्र हीं इंजिनें चांगलीं मानवलीं. अखेर १९११ सालीं कारखाना बुडाला. चांगलें यंत्र बनविणें व तें परवडेल अशा किंमतींत बनविणें या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, हा धडा त्यांतून मिळाला. त्याच वर्षीं त्यांचा विवाह बीट्रिस हेल या चित्रकलेच्या विद्यार्थिनीशीं झाला. हा संसार पुढें सुखाचा झाला व त्यांना तीन कन्या झाल्या. १९१५ सालीं त्यांनीं आपल्या इंजिनविषयक शोधांसाठीं एक लहानशी कंपनी स्थापन केली.

तेव्हां पहिलें महायुद्ध पेटलें होतें. १९१६ सालीं फ्रान्सच्या रणभूमीवर इंग्रजांचे रणगाडे प्रथम उतरले. सुमारें अठ्ठावीस टनांचें तें धूड, आणि त्यास ओढणारें इंजिन १०५ अश्वशक्तीचें! शिवाय त्या इंजिनांतून निळसर धुराचे लोट निघत व शत्रूला रणगाड्याचा ठिकाणा दुरूनच कळे. आंत बसलेल्या शिपायांचे प्राण त्या धुरावर अवलंबून होते. धूर बंद करण्याचा उपाय विचारला गेला, तेव्हां रिकार्डो यांनीं जुन्या इंजिनाला ठिगळें न लावतां नवेंच इंजिन करावें, असा सल्ला दिला, व तें करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येऊन पडली. त्यांचें वय त्या वेळीं पुरतें बत्तीसहि नव्हतें. अट अशी होती कीं, अल्युमिनियम व उंची पोलाद वापरावयाचें नाहीं, कारण तीं विमानांसाठीं राखून ठेवलेलीं होतीं. रिकार्डो यांनीं दट्ट्याची रचनाच अशी बदलली कीं खालचें तेल वर चढून जळूं नये. नवें इंजिन १५० अश्वशक्तीचें झालें व धूर नाहींसा झाला. १९१८ च्या उन्हाळ्यांत हॅमेल व आमिएं येथील लढायांत उतरलेल्या 'मार्क पांच' रणगाड्यांत हींच इंजिनें होतीं. एकंदर सुमारें ८००० इंजिनें तयार झालीं. त्यांतील कित्येकांनीं लष्करी कारखान्यांत व छावण्यांत वीज निर्माण करण्याचेंहि काम केलें.

या यशाच्या ऐन वेळीं एक मोठा घाव बसला. विमानविद्येच्या सरकारी खात्यांत वरिष्ठ पदावर असलेले हॉपकिन्सन यांनीं आपल्या शिष्याला विमानांच्या इंजिनांच्या संशोधनासाठीं बोलावून घेतलें होतें. हॉपकिन्सन प्रौढ वयांत विमान चालविण्यास शिकले होते. ता. २६ ऑगस्ट १९१८ रोजीं ते एकटेच विमानांतून जात असतां अपघात होऊन मरण पावले. त्यांचें वय अवघें चव्वेचाळीस वर्षांचें होतें. गुरूनें आरंभिलेलें काम पुढें नेण्याचा भार आतां रिकार्डो यांच्यावर आला, आणि त्यांनीं तो कधीं खालीं ठेवला नाहीं.

युद्ध संपल्यावर रणगाड्याच्या इंजिनांपासून मिळालेल्या पैशाचा उपयोग त्यांनीं ऐषआरामाकडे न करतां शोअरहॅम येथें स्वतःची प्रयोगशाळा उभारण्याकडे केला. तेथें त्यांचे पहिलें मोठें काम इंधनाचें होतें. त्या काळीं पेट्रोल हलकें असेल तर चांगलें व जड असेल तर वाईट, असा व्यापारी समज होता. शेल कंपनीला बोर्निओ बेटांत मिळणारें पेट्रोल जड, म्हणून त्याची किंमत कोणीच करीत नसे. रिकार्डो यांनीं तें इंजिनांत घालून पाहिलें, तों इतर पेट्रोलपेक्षां कितीतरी अधिक दाब तें ठोका न देतां सहन करतें, असें दिसून आलें. टाकाऊ ठरलेला मालच उत्तम ठरला! शेल कंपनीनें पुढील संशोधनाचा खर्च उचलला. रिकार्डो यांनीं असें एक परीक्षक इंजिन तयार केलें कीं चालू असतांनाच त्याचा दाब कमीजास्त करतां यावा. हेन्री टिझर्ड व डेव्हिड पाय या दोन विद्वान सहकाऱ्यांसह त्यांनीं एकामागून एक इंधनें त्यांत तपासलीं, व प्रत्येक इंधन किती दाबापर्यंत टिकतें याची टोल्युइन या पदार्थाशीं तुलना करून प्रतवारी लावली. पुढें अमेरिकेंत जी ऑक्टेनची मापनपद्धति निघाली, तिची वाट या प्रयोगांनीं मोकळी केली. पेट्रोल-पंपावर ऑक्टेनचा आंकडा दिसला म्हणजे या प्रयोगशाळेची आठवण करावी.

आतां त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध शोधाकडे वळूं. मध्यम स्थितींतील लोकांना परवडतील अशा मोटारींत त्या काळीं इंजिनाच्या झडपा सिलिंडरच्या वर नसून बाजूला असत. ही रचना स्वस्त, साधी व दुरुस्तीला सोपी. पण तींत हेडखालची पोकळी सपाट व लांबट होई. ठिणगी एका टोंकाला, तर शेवटचा वायु पार दुसऱ्या टोंकाला. ज्वालेला लांब पल्ला चालावा लागे, तोंवर तो कोपरा तापून स्फोट होई. म्हणून अशा इंजिनांत दाब अगदीं कमी ठेवावा लागे, व जास्त शक्ति पाहिजे असेल त्यानें वरच्या झडपांचें महाग इंजिन घ्यावें, असा रिवाज पडला होता.

रिकार्डो यांच्या हातीं एक महत्त्वाचा दुवा होता. स्थिर वायूंत ज्वाला मंद चालते व खळबळलेल्या वायूंत ती झपाट्यानें पसरते. डगल्ड क्लार्क या शास्त्रज्ञानें झडपा बंद ठेवून मिश्रण कांहीं वेळ नुसतेंच दाबून व सैल करून, त्यांतील भोंवरे शांत झाल्यावर ठिणगी टाकून पाहिली होती. तेव्हां तें फारच सावकाश जळालें. अर्थात्‌ भोंवरे हे इंजिनाचे मित्र होत. मग ते मुद्दाम कां निर्माण करूं नयेत? रिकार्डो यांनीं हेडचा आंतील आकार बदलला. पोकळीचा बहुतेक भाग त्यांनीं झडपांच्या वर गोळा केला, ठिणगीची जागा तेथेंच साधली, आणि उरलेल्या बाजूला हेडची सपाटी इतकी खालीं आणली कीं, दट्ट्या पूर्ण वर आला म्हणजे त्याच्या माथ्यांत व हेडमध्यें अगदीं पातळ फट राहावी.

या साध्या दिसणाऱ्या बदलानें तीन कामें एकदम झालीं. दट्ट्या वर येतांच फटींतील मिश्रण चिमटलें जाऊन जोरानें पोकळींत शिरे व तेथें खळबळ माजवी. त्यामुळें ज्वाला वेगानें पसरे. पोकळी आटोपशीर झाल्यामुळें ज्वालेचा पल्ला कमी झाला. आणि जो थोडा वायु शेवटीं फटींत राही, तो दोन थंड धातूंच्या मध्यें पातळ थरासारखा दाबला गेल्यामुळें तापून पेटूं शकत नसे. ठोका थांबला, दाब वाढवितां आला, आणि स्वस्त इंजिन महाग इंजिनाच्या बरोबरीला येऊन बसलें. यंत्राला नवा भाग जोडला नाहीं, महाग धातु वापरला नाहीं. केवळ ओतीव झांकणाचा आकार बदलला! १९१९ च्या सुमारास निघालेलें हें 'खळबळीचें हेड' लवकरच अनेक देशांत गेलें. अमेरिकेंतील वॉकेशा कंपनीनें तर रिकार्डो हेड या नांवानेंच आपल्या इंजिनांची जाहिरात केली. पेट्रोलच्या प्रत्येक थेंबांतून अधिक काम व सामान्य माणसाला परवडणारी मोटार, हें त्याचें फळ.

इतक्यावर ते थांबले नाहींत. ट्रायम्फ कंपनीच्या मोटारसायकलीसाठीं त्यांनीं एका सिलिंडरला चार झडपा असलेलें हेड तयार केलें. त्यांचे सहकारी मेजर हॅलफर्ड यांनीं ब्रुकलंड्‌स येथील प्रसिद्ध मार्गावर त्या गाडीनें विक्रम केले. चार झडपांची ही रचना पुढें घरोघरच्या मोटारींत आली. डिझेल इंजिनासाठीं त्यांनीं 'कॉमेट' नांवाची गोल पोकळी योजली. तींत शिरणारी हवा भोंवऱ्यासारखी फिरे व तींत उडविलेलें तेल चांगलें मिसळे. १९३१ च्या सुमारास लंडनच्या बसगाड्यांना हीं इंजिनें बसूं लागलीं, आणि हलक्या मोटारींनाहि डिझेल वापरण्याचा मार्ग मोकळा झाला. झडपेऐवजीं सरकणारी नळी वापरण्याविषयींहि त्यांनीं दीर्घ संशोधन केलें, व ब्रिस्टल हर्क्युलीस आणि नेपियर सेबर या विमानी इंजिनांनीं ती रचना दुसऱ्या महायुद्धांत गाजविली. फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनाच्या कामींहि त्यांचें साहाय्य झालें.

विद्या लपवून ठेवणें हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनीं आपल्या अनुभवांवर लिहिलेले ग्रंथ इंजिनीयरिंगच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं अभ्यासले. १९२९ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांना सदस्यत्व दिलें. १९४४ सालीं ते यंत्र-इंजिनीयरांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले, व १९४८ सालीं त्यांस 'सर' हा किताब मिळाला. १९६८ सालीं त्यांनीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. ससेक्सच्या शांत ग्रामीण भागांत वार्धक्य घालवून ता. १८ मे १९७४ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्यांनीं इहलोकची यात्रा संपविली.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रांतून घेण्यासारखें काय आहे? अधिक जोर पाहिजे तर अधिक दाबावें, ही सामान्य बुद्धि. आजहि कित्येक हौशी तरुण आपल्या मोटारसायकलीचें हेड घांसून घेतात व ठोका लागला म्हणजे इंजिनाला दोष देतात. रिकार्डो यांनीं जोर करण्यापूर्वीं कारण शोधलें. जो आवाज सर्वांना त्रासदायक वाटे, तोच त्यांना बोलका वाटला. जें पेट्रोल जगानें टाकून दिलें, तें त्यांनीं रूढ मापानें न मोजतां प्रत्यक्ष प्रयोगानें मोजलें. कारखाना बुडाला तेव्हां ते खचले नाहींत, आणि पैसा मिळाला तेव्हां तो प्रयोगशाळेंत घातला.

आईबापांनाहि येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मुलगा हत्यारें घेऊन कांहीं खटपट करीत असला, हात काळे करीत असला, तर तो अभ्यास चुकवितो असेंच नेहमीं समजूं नये. दहा वर्षांच्या हॅरीच्या काळ्या हातांतूनच पुढें एवढें मोठें काम झालें. आणि मुलांनीं हेंहि विसरूं नये कीं त्या हातांना केंब्रिजच्या गणिताची व एका थोर गुरूच्या शिस्तीची जोड मिळाली, म्हणूनच तें झालें. हात व बुद्धि हीं दोन्हीं एकाच जुवाला जुंपलीं, म्हणजे चढण कितीहि कठीण असली तरी गाडी वर जाते.